ओनागादोरी : दहा मीटर शेपटीचा कोंबडा

जपानच्या शिकोकू बेटावरील कोची प्रांतात ओनागादोरी ही लांब शेपटीची कोंबडी पाळली जाते. नावाचा अर्थच ‘लांब शेपटीचा पक्षी’. शेपटी अर्थात नराचीच, मादी चारचौघींसारखी. एदो काळात तिथल्या सरदाराच्या मिरवणुकीत भाले अशा पिसांनी सजवत, त्यामुळे या कोंबड्यांना मान होता.

साध्या कोंबड्याची पिसे दरवर्षी झडून नवी येतात. ओनागादोरीच्या शेपटीतली काही पिसे मात्र झडतच नाहीत आणि वर्षाला जवळपास पाऊण ते एक मीटर वाढत राहतात. दहा मीटरांहून लांब शेपटीची नोंद आहे. म्हणजे शेपटीची लांबी हा निम्मा वंशाचा, निम्मा आयुष्याचा हिशेब.

खरी मेहनत पुढेच. मोकळा सोडला तर कोंबडा स्वतःच शेपटीवर पाय देतो, पिसे चिखलात मळतात, तुटतात. म्हणून त्याला ‘तोमेबाको’ नावाच्या उंच, अरुंद लाकडी पेटीत वरच्या दांडीवर बसवतात. दाणापाणी तिथेच. पाय मोकळे करायला त्याला बाहेर काढतात, तेव्हा शेपटीची गुंडाळी सांभाळत माणूस मागून चालतो. नवरीचा शालू सांभाळणाऱ्या करवलीसारखा! पक्ष्याच्या दृष्टीने ही कैदच, हे नाकारता येत नाही.

1952 साली जपानने या जातीला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. युरोपातली ‘फिनिक्स’ जात हिचीच नातेवाईक. पण तिची पिसे सहसा झडतात, त्यामुळे शेपटी बरीच आखूड राहते.