नाटक ‘शिकवणारे’ शहर

प्राचीन अथेन्समध्ये नाट्यकवीला ‘शिक्षक’ म्हणत आणि नाटक रंगभूमीवर आणण्याच्या कामासाठी ‘शिकवणे’ हे क्रियापद वापरत. मराठीत नाटक बसवतात, अथेन्सचे लोक ते शिकवत; आणि ज्यांना ते शिकवले जाई त्यांच्यात सर्वांत मोठी संख्या नटांची नसून कोरसची, म्हणजे एकत्र नाचत गाणाऱ्या नागरिकांच्या वृंदाची असे. ग्रीक रंगभूमीचे बहुतेक संकेत या वृंदाच्या तालमीतून आणि वावरातून घडले आहेत, आणि ही गोष्ट नजरेआड झाली की मुखवटे, मोजके नट, न बदलणारे स्थळ, धावत येऊन वृत्तांत सांगणारा दूत हे सारे एका जुन्या समाजाचे अनाकलनीय दंडक वाटू लागतात.

उगमाविषयी ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे की, डायोनिसस या देवाच्या उत्सवात गायल्या जाणाऱ्या डिथिरॅम्ब नावाच्या समूहगीताचे जे म्होरके असत, त्यांच्यापासून शोकात्मिका निघाली. परंपरा थेस्पिस याला पहिला नाटककार मानते आणि त्याचा काळ इ.स.पू. 534 च्या सुमाराचा सांगते; वृंदापासून वेगळा होऊन त्याच्याशी बोलणारा एक माणूस, एवढेच त्या वेळी नाटकाचे भांडवल होते. दुसरा नट एस्किलसने आणला, तिसरा सोफोक्लीसने, आणि शोकात्मिकेत ही संख्या तेथेच थांबली. ‘ट्रॅगोडिया’ या मूळ शब्दाचा अर्थ ‘बोकडाचे गीत’ असा होतो; त्यात शोकाचाही उल्लेख नाही आणि अंताचाही. म्हणून मराठीत रूढ असलेल्या ‘शोकांतिका’ या शब्दापेक्षा ‘शोकात्मिका’ हा शब्द अधिक न्याय्य आहे, कारण एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी समेटाने संपते, शोकाने नव्हे.

एक नाटक उभे राहण्याचा क्रम पाहिला की कोरसचे स्थान स्पष्ट होते. वसंताच्या आरंभी भरणाऱ्या ‘नगर-डायोनिसिया’ या उत्सवात नाटक करू इच्छिणारा कवी आर्कॉन या वार्षिक अधिकाऱ्याकडे जाई, आणि तो जे मागे त्याला ‘कोरस मागणे’ म्हणत. मंजुरी मिळाली की ‘कोरस दिला’ असे म्हणत. शोकात्मिकेसाठी तीन कवींना कोरस मिळे, आणि प्रत्येकाने तीन शोकात्मिका व एक सॅटिर-नाट्य, म्हणजे अर्धपशू वनचरांच्या वृंदाचे खेळकर नाटक, अशी चार नाटके सादर करावयाची असत. आर्कॉन अधिकारावर येताच श्रीमंत नागरिकांतून खोरेगोस नेमी, म्हणजे कोरसचा खर्च आपल्या खिशातून करणारा यजमान. हे दान नव्हते. युद्धनौका सांभाळण्यासारखेच ते धनिकांवरील सार्वजनिक कर्तव्य होते, आणि ते टाळायचे असेल तर आपल्यापेक्षा श्रीमंत माणूस दाखवून त्याला काम पत्करण्याचे किंवा मालमत्तेची अदलाबदल करण्याचे आव्हान द्यावे लागे. इ.स.पू. 472 मध्ये एस्किलसने ‘पर्शियन्स’ सादर केले तेव्हा खोरेगोस होता तरुण पेरिक्लीस. लिसियसने लिहून दिलेल्या एका न्यायालयीन भाषणातला अशील सांगतो की, शोकात्मिकेच्या एका कोरसवर त्याने 3000 द्राख्मा खर्च केले. त्या काळी कुशल कारागिराची रोजची मजुरी साधारण एक द्राख्मा होती.

हा पैसा कशावर जाई, हे अँटिफॉनच्या एका भाषणावरून दिसते, आणि तालमीच्या खोलीत डोकावण्याची अशी संधी प्राचीन साहित्यात फार क्वचित मिळते. प्रकरण थार्गेलिया नावाच्या दुसऱ्या उत्सवातील मुलांच्या वृंदाचे आहे. खोरेगोसने आपल्या घरातली एक जागा तालमीसाठी सोयीची करून दिली, मुले जमवण्यासाठी व त्यांना लागेल ते पुरवण्यासाठी माणसे नेमली, आणि स्वतः दुसऱ्या एका खटल्यात गुंतला. आवाज सुधारावा म्हणून एका मुलाला काढा पाजला गेला आणि तो मुलगा दगावला. आपण तेथे हजर नव्हतो, पाजा असे आपण सांगितलेही नव्हते, असे खोरेगोस न्यायालयात विनवतो. गळ्यासाठी एवढा जीव टाकणाऱ्या या शहरात समूहगायन ही हौस नव्हती. नगर-डायोनिसियात केवळ डिथिरॅम्बसाठी दहा जमातींपैकी प्रत्येकीचे 50 पुरुष आणि 50 मुले, असे 1000 गायक उतरत. प्रेक्षागारात बसलेल्यांपैकी कित्येकांनी कधी ना कधी स्वतः पावले घोटवलेली असत, आणि समोरच्या वृंदाची चूक त्यांच्या कानांतून व डोळ्यांतून सुटणे कठीण होते.

शोकात्मिकेचा वृंद आधी 12 जणांचा होता, पुढे 15 जणांचा झाला. अलॉस या दुहेरी नळीच्या वाद्याचा वादक बरोबर असे, आणि वृंद बाजूच्या वाटेने ‘ऑर्केस्ट्रा’त, म्हणजे शब्दशः ‘नाचण्याच्या जागेत’, प्रवेश करी. एकदा आत आलेला वृंद सहसा नाटक संपेपर्यंत बाहेर जात नसे, आणि येथेच स्थळाचा संकेत जन्मतो: नागरिकांचा किंवा दासींचा एवढा जथा सतत समोर उभा असताना कथानक शयनगृहात नेता येत नाही, ते राजवाड्याच्या दारापुढे, उघड्यावरच घडवावे लागते. दारामागे काय झाले ते दूत सांगतो किंवा चाकांच्या फळीवरून प्रेत बाहेर आणून दाखवले जाते. ते दार ज्या इमारतीचे, तिला ‘स्कीनी’ म्हणत. मूळ अर्थ तंबू, नटांनी कपडे बदलण्याचा आडोसा.

कपडे बदलायला वेळ हवा, आणि तो वेळ वृंदाचे गाणे देते. तीन पुरुष नट साऱ्या स्त्रीपुरुष भूमिका करत; राणी आत गेली की तोच नट दूत होऊन बाहेर येऊ शके, आणि मधल्या अवकाशात वृंद नाचत गात राही. डोके झाकणारा, केस लावलेला, ताठ केलेल्या कापडाचा मुखवटा नसता तर ही अदलाबदल अशक्य होती. गीताचे काव्य आणि नटाची सोय यांची अशी एकजीव बांधणी हे या रंगभूमीचे खरे कौशल्य मानले पाहिजे. गीते वगळून केलेले आधुनिक प्रयोग म्हणूनच उघडेबोडके भासतात.

वापरातला एकही मुखवटा उरलेला नाही, पण इटलीतील रूवो येथे सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या, सुमारे इ.स.पू. 400 च्या एका मोठ्या पात्रावर सॅटिर-नाट्याची मंडळी चितारलेली आहे. मधोमध प्रोनोमॉस हा वादक अलॉस वाजवत बसला आहे, कवी देमेत्रियॉस जवळच आहे, हेराक्लीसच्या वेषातल्या नटाच्या हाती मुखवटा आहे, आणि कोरसचे तरुण कमरेला केसाळ चड्ड्या बांधून, मुखवटे हातात धरून उभे आहेत. त्यांच्यातल्या एकाने मात्र मुखवटा चढवला आहे आणि तो नाचू लागला आहे. माणूस आणि सॅटिर यांमधले अंतर एका कृतीत ओलांडले जाते, ते चित्रकाराने अचूक टिपले आहे. बहुतेक तरुणांशेजारी त्यांची नावे लिहिलेली आहेत.

इ.स.पू. चौथ्या शतकात हा तोल ढळला. ॲरिस्टॉटलने तक्रार केली की, कथानकाशी संबंध नसलेली, कोठेही जोडता येतील अशी गीते घालण्याची प्रथा अ‍ॅगाथॉनपासून सुरू झाली. मेनँडरच्या सुखात्मिकांच्या हस्तलिखितांत तर गीतांच्या जागी ‘कोरसचे’ एवढा एकच शब्द राहिला. शतक संपण्यापूर्वी अथेन्सने खोरेगोसची पद्धतही मोडली. त्याआधी काही वर्षे, इ.स.पू. 335–334 मध्ये, मुलांच्या डिथिरॅम्बमध्ये विजयी झालेल्या लिसिक्रॅटीस या खोरेगोसने उभारलेले स्मारक ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी आजही उभे आहे. त्यावरील लेखात खोरेगोस, जमात, अलॉसवादक, शिक्षक आणि आर्कॉन यांची नावे आहेत. गाणाऱ्या मुलांपैकी एकाचेही नाव नाही.