अनुदान झाडाचे, उतारा आजोबांचा



वैशाखात आपल्या खानवेल, दुधनी भागातील वरकस जमीन तव्यासारखी तापते आणि आषाढात तिच्यावरची माती ओढ्यावाटे दमणगंगेला मिळते. बांध, फळझाडे, ठिबक यांना सरकार पैसा देते तो ही माती आणि हे पाणी शेतातच राहावे म्हणून. पण त्या पैशाला अटी असतात, आणि तिथेच आपले लोक अडतात.

गेल्या साली दोघे भाऊ अर्ज घेऊन आमच्याकडे आले. दीड एकर उताराची जमीन, कलमांसाठी खड्डे खणून तयार. उतारा पाहिला तर नाव आजोबांचे! आजोबांना जाऊन 20 वर्षांहून अधिक काळ झालेला, मागाहून वडीलही गेले, आणि दोन्ही वेळा वारसनोंद राहिली. आत्यांच्या सह्या हव्यात, त्यातली एक तलासरीला नांदते. सह्या जमेपर्यंत खड्डे पावसाने भरले.

असे घर एकच नाही. पोर्तुगीज राजवटीतील अलवारा पद्धत मोडण्यासाठी 1971 मध्ये जमीन सुधारणा नियमावली आली आणि कसणाऱ्या कुळांना हक्क मिळाला. त्या पिढीची नावे पुष्कळ ठिकाणी अजून तशीच आहेत. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपयेही नावावरच मिळतात. त्यासाठी 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख धरली होती. पण मालक मरण पावल्यास वारसांना सवलत ठेवली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टा मिळाला असेल, तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. बाईचे नाव गळले नाही ना, तेवढे पाहून घ्यावे.

आता झाडाकडे येऊ. शेजारच्या वासद्यात 1982 मध्ये मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’ सुरू केली. साधारण एक एकर उतारावर आंबा-काजूची कलमे, कडेने जंगली झाडांचे कुंपण, मध्ये नागली किंवा भाजी. खड्डे, चर, राखण सारे घरच्यांनीच करायचे. पुढे नाबार्डने ही रीत उचलली आणि 2003-04 मध्ये आदिवासी विकास निधी उभा केला. काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतो. तोवर घर चालावे म्हणूनच मधले पीक.

महाराष्ट्रात 2018 च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत पैसा तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असा ठरला. पुढचा हप्ता जिवंत झाडे मोजून. मेलेले झाड शेतकऱ्याने पदरच्या खर्चाने बदलायचे. काहींना हे जाचक वाटते. आम्हाला ते योग्य वाटते, कारण लावून सोडलेल्या कलमांचे वाळके दांडे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मात्र पहिल्या उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून वाहून आणणाऱ्या बाईची मजुरी कुठल्याही हप्त्यात नीट मोजली जात नाही, हेही खरेच.

ठिबकाचे थोडक्यात. केंद्राच्या योजनेत लहान शेतकऱ्याला 55 टक्के, इतरांना 45 टक्के. पण हे टक्के सरकारने ठरवलेल्या दरावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. मंजुरीचा कागद हाती आल्याशिवाय नळ्या उचलू नयेत.

तेव्हा या आठवड्यात उतारा काढून नाव वाचावे. मयताचे असल्यास मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच मागून घ्यावी. तारीख आठवत नसेल तर धर्मग्रामाच्या दफन-नोंदवहीत सापडेल; सरकारी दाखला मात्र वेगळा काढावा लागतो. खड्डे आताच खणून उन्हात तापत ठेवावेत. कागद येईपर्यंत निदान मातीतली कीड तरी मरेल.