८० हात

भिगवणहून परतणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात एक फोटो हमखास असतो. पाण्यात उभी वाळकी बाभूळ, तिच्यावर ऑस्प्रे, पंजात अर्धवट खाल्लेला मासा आणि थेट समोर रोखलेला पिवळा डोळा. फोटो काढणारी होडी तेव्हा किती जवळ होती? त्या डोळ्याने मनात रुतवलेला हा प्रश्न भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठापर्यंत घेऊन आला.

“८० हात. त्याच्या आत गेलं की तो जेवण सोडतो,” होडीवाले काका वल्हं पाण्यात घालत म्हणाले.

जाळं बाजूला सारून होडीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पण फळ्यांना कालच्या चिलापी माशाचा वास होताच. हे पाणी भीमेवरच्या उजनी धरणाचं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते पुन्हा दिसू लागतं. याच पाण्यात जाळी टाकणाऱ्यांपैकी काही जण आता हिवाळ्यात पक्षी दाखवतात.

वारकरी पक्ष्यांचे काळे थवे मागे पडले. उथळ चिखलात रोहित माना उलट्या घालून चरत होते, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब काठावर विसावले होते. काकांची नजर मात्र बाभळींवर होती.

तो दिसला तसं वल्हं थांबलं. मांडीवर आडव्या धरलेल्या वल्ह्यातून पाणी टपटपत होतं.

सगळे त्याला गरुड म्हणतात, पण ऑस्प्रेचं कूळ वेगळं. त्याचं पोट जवळजवळ केवळ माशांवर भरतं आणि पायही त्यासाठीच घडलेले. बाहेरचं बोट मागे वळतं, मग दोन पुढे, दोन मागे अशी पकड बसते. तळव्यांवरच्या बारीक काट्यांमुळे बुळबुळीत मासाही निसटत नाही. उडताना माशाचं तोंड पुढे धरतो, म्हणजे वारा कमी अडतो. दुर्बिणीतून त्याची चोच चिलापीच्या कल्ल्यांपाशी लागलेली दिसत होती. आधी डोकं, मग धड, असं निवांत चाललं होतं.

तेवढ्यात दुसरी होडी पुढे सरकली. साठ हात, पन्नास.

त्याने खाणं थांबवलं. पिसं अंगाला चिकटली, मान ताठ झाली. शेपटी उचलून त्याने शीट टाकली.

“आता उडणार,” काका पुटपुटले.

तो उडाला, आणि कुठूनशी एक घार त्याच्या मागे लागली. दोन गिरक्या झाल्या. तिसऱ्या गिरकीला मासा पंजातून सुटून पाण्यात पडला. त्या होडीत कॅमेरे खटाखट वाजत होते.

काका बराच वेळ त्या तरंगांकडे पाहत राहिले. “अर्ध्या किलोची होती,” ते म्हणाले आणि होडी मागे वळवली. पुढच्या बाभळीवर दुसरा ऑस्प्रे होता. या वेळी त्यांनी १०० हातांवरच वल्हं उचललं.