कार्ब्युरेटर बदलण्याआधी फ्लोट बघा

जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेने सांभाळणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय : गाडी सुरू केली की कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहतं, मिस्त्री म्हणतो नवाच बसवा, काय करू? माझं उत्तर : थांबा. आधी वरचं झाकण खोलून फ्लोट बाहेर काढा.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते. पंप तिच्यात पेट्रोल ढकलत राहतो. पातळी ठरल्या जागी आली की फ्लोट वर उचलला जातो, वाटेतली सुई म्हणजे नीडल दाबतो आणि वाट बंद. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक हेच तर करतो. ही पातळी जेटच्या तोंडाच्या किंचित खाली राहायला हवी. ती चढली, की हवेने ओढण्याची वाट न बघता पेट्रोल आपणहून वाहू लागतं.

ही युक्ती मोटारीहून दोन हजार वर्षांनी जुनी! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने जलघड्याळाची धार एकसारखी राहावी म्हणून तरंगती झडप वापरली. ना वीज, ना राखणदार. पाणीच आपली पातळी राखतं. यंत्रांच्या इतिहासात याहून देखणी कल्पना मला तरी माहीत नाही. फवारा मारणाऱ्या कार्ब्युरेटरचं श्रेय मात्र बहुतेक जण एकट्या विल्हेल्म मायबाखला देतात. हंगेरीच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फेब्रुवारी १८९३ मध्ये, म्हणजे मायबाखच्या काही महिने आधी, पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं.

आता तुमचा फ्लोट. पितळी असेल तर तो आतून पोकळ असतो. डागाच्या सांध्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी आत पेट्रोल शिरतं, फ्लोट जड होऊन बुडतो आणि नीडल उघडीच राहते. कानाशी धरून हलवा. आत डुचमळलं तर चोर सापडला. शंका उरली तर गरम पाण्यात बुडवा, आतली हवा फुगून भोकातून बुडबुडे निघतील. पाणी दुसरीकडे तापवून आणा, शेगडीजवळ हे करू नका. डाग देऊन भागवण्यापेक्षा फ्लोट नवा घ्यावा. जास्तीच्या डागाने वजन वाढतं आणि पातळी पुन्हा चुकते.

फ्लोट ठीक असेल तर नीडलचं टोक उजेडात धरा. त्यावर झिजेची कडी दिसली तर नीडल आणि तिची सीट दोन्ही बदला. कचरा अडकला असेल तर नुसतं साफ करून भागेल, पण तो आला कुठून हे शोधा. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या टाकीतला साका सुटतो, जुने रबरी पाइपही खराब होतात. फिल्टर आणि पाइप त्याच दिवशी बदलून टाका.

आणि एक कळकळीची विनंती : इंजिन गार असताना, बॅटरीची तार काढूनच हे काम करा. वाहिलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं, म्हणून इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आधी बदला, चावी मग फिरवा.