बाळंतिणीसाठी मुगाचे कढण व शेवग्याचा पाला

म्हैस व्याली की तिच्या खुराकाची तजवीज घरातील कर्ता पुरुष कोणी न सांगताच करतो. शरीरपोषणाच्या खुराकाखेरीज दर दोन लिटर दुधामागे सुमारे एक किलो आंबोण द्यावे, हा हिशेब बहुतेक शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. त्याच घरात सून बाळंत झाली तर मात्र तिच्या ताटातील एकेक पदार्थ कमी होऊ लागतो. डाळ वातूळ, पालेभाजी थंड, पाण्याने पोट सुटते, असे म्हणत पुष्कळ घरी तिला मऊ भात, तूप आणि चहा यांवर दिवस काढावयास लावतात. तुलना ओबडधोबड आहे याची आम्हांस जाणीव आहे. परंतु गोठ्यातला हिशेब माजघरात का विसरला जावा, हे शेतकरी बंधूंस विचारल्यावाचून राहवत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत मूल दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर दूध पिते. त्याकरिता मातेस नेहमीच्या आहाराहून सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात व प्रथिनेही वाढवावी लागतात. आई अर्धपोटी राहिली तरी दूध बहुधा येतच राहते, आणि खरी फसगत येथेच होते. मूल बाळसे धरीत आहे हे पाहून घरचे निर्धास्त होतात. पण दुधातील चुना आईच्या हाडांतून जात असतो आणि प्रथिनांसाठी तिचे मांस झिजत असते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळून आले. आधीच रक्त कमी, त्यात बाळंतपणाचा रक्तस्राव आणि वर हे पथ्य!

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा या आपल्या जुन्या बाळंतखाण्याविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि लाडवांस खर्च येतो, आणि माहेरचा डबा येईपर्यंत आठवडा उलटतो. कढण मात्र त्याच दिवशी, घरच्या मुगाचे करता येते. शंभर ग्रॅम मुगात २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. शेवग्याच्या तितक्याच ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. शिवाय लोह व ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुरवठा होतो तो वेगळाच.

अर्धी वाटी अख्खे मूग रात्री भिजत घालावेत. सकाळी ते चार-पाच वाट्या पाण्यात, आल्याचा तुकडा व चिमूटभर हळद टाकून, बोटाने चेपले जातील इतके मऊ शिजवावेत आणि रवीने घोटावेत. वरचे पाणी तेवढे गाळून घेण्याची जी रीत आहे ती सोडावी. प्रथिनांचा मोठा भाग खाली राहिलेल्या गाळात असतो. शेवग्याचा कोवळा पाला काड्या काढून, धुऊन, दोन मुठी घ्यावा व शेवटची पाच मिनिटे शिजू द्यावा. चिरल्यानंतर तो धुऊ नये. चमचाभर तुपात जिरे, लसूण व हिंग यांची फोडणी द्यावी, बेताचे मीठ घालावे, आणि भांडे उतरविल्यावर लिंबू पिळावे. लिंबामुळे पाल्यातील व मुगातील लोह अंगी अधिक लागते. त्यावर लगेच चहा प्यायल्यास तो लाभ बराचसा जातो, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. हे कढण दोन वेळांस पुरते; त्यात बाजरीची वा ज्वारीची भाकरी कुस्करून खावी. मुगाऐवजी हुलगे किंवा मसूर चालतात. मांसाहारी घरी कोंबडीचा अळणी रस्सा मांसाच्या तुकड्यांसह द्यावा.

कढण प्यायल्याबरोबर दूध वाढते, असे मात्र कोणी सांगत फिरू नये. दूध वाढते ते मुलाला वारंवार अंगावर पाजल्याने. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये, आणि सहा महिने मुलाला वरचे पाणीही देऊ नये. पाणी हवे ते आईला, तहान लागेल तितके. तसेच प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांची जागा कढण घेऊ शकत नाही. गावातील कार्यकर्त्यांनी हे सांगताना आशाताई व अंगणवाडी सेविका यांना बरोबर घ्यावे, आणि बोलणे सुनेशी नव्हे तर सासूबाईंशी करावे. चुलीवर काय चढते ते त्यांच्या हाती असते.

एका वस्तीवर विहिरीपाशी शेवग्याची दोन झाडे पाहिली. शेंगा बाजारात जात होत्या व पाला शेळ्या खात होत्या. घरात पंधरा दिवसांची बाळंतीण तूपभातावर होती. आजीबाईंनी पुष्कळ हुज्जत घातली. अखेर कढण आधी स्वतः पिऊन पाहिले, दुसऱ्या दिवशीही त्यांच्या पोटास काही झाले नाही, तेव्हा कोठे सुनेला वाटी मिळाली.

ज्यांच्याकडे झाड नाही त्यांनी पावसाच्या आरंभी मनगटाएवढे जाड व सुमारे एक मीटर लांबीचे फाटे मोरीच्या सांडपाण्याजवळ, पण पाणी साचणार नाही अशा जागी लावावेत. बियांपासून रोप करावयाचे असल्यास पी. के. एम.-१ हा वाण घ्यावा. झाड पुरुषभर उंच होण्यापूर्वीच शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे खाली येतात आणि पाला बायकांच्या हाताशी राहतो.