नदीच्या देशातून चांद्याच्या रानात

दोस्तांनो, एक गंमत करू. समजा तुमचं वय चौदा. तुमचं गाव पाण्याच्या काठी नाही, जवळजवळ पाण्यातच आहे. दारापुढे खाडी, घरामागे तळं. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. शेजारच्या गावी जायचं तर होडी, मामाकडे जायचं तरी होडी. जमीन इतकी सपाट की टेकडी म्हणजे काय ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं. आणि खरं सांगू? दगडसुद्धा तुमच्या गावात सहजासहजी सापडत नाही. सगळा नद्यांनी आणून टाकलेला गाळ! चिडलात आणि भिरकवायचं म्हटलं तर हाताला लागतं चिखलाचं ढेकूळ.

आणि एके दिवशी रात्रीतून घर सोडावं लागतं. होडी, मग पायी, मग गाडी, मग छावणी. शेवटी तुम्हाला आणून सोडतात तिथे चहूकडे साग, मोह नि तेंदू. नदी आहे म्हणतात, पण मे महिन्यात जाऊन पाहावं तर वाळूच जास्त. ऊन असं की पारा पंचेचाळीसच्या वर. आणि मुलं जी भाषा बोलतात, तिच्यातलं अवाक्षर तुम्हाला कळत नाही.

ही कल्पना आहे, पण पोकळ नाही. असं खरोखर घडलं, आणि आपल्याच महाराष्ट्रात. त्या वेळचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. (गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी.) चंद्रपूर शहरात ‘बंगाली कॅम्प’ नावाचा भाग आहे. गडचिरोलीत चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत गेलात तर सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं लागतील. तिथल्या आजीला पत्ता विचारा. ती ‘विवेकानंदपूर’ म्हणणार नाही, ‘बिबेकानोंदोपूर’ म्हणेल! बंगालीत ‘व’चा होतो ‘ब’, आणि ‘अ’चा बऱ्याचदा ‘ओ’.

मग ही मंडळी इथे आली कशी? 1947 साली देशाची फाळणी झाली. पंजाबची फाळणी आपण वाचलेली असते. बंगालही तेव्हाच चिरला गेला, हे मात्र विसरतो. खुलना, जेसोर, बारिसाल, फरीदपूर हे सगळे जिल्हे पूर्व पाकिस्तानात गेले. तिथली हिंदू कुटुंबं एकदम आली नाहीत. 1950 मध्ये दंगे झाले, तेव्हा लोंढा आला. जानेवारी 1964 मध्ये खुलना, ढाका इकडे पुन्हा दंगे पेटले आणि पुन्हा लोंढा आला. कलकत्त्याचं सियालदह स्टेशन तर निर्वासितांनी भरून वाहत होतं. पश्चिम बंगालात जागा नाही म्हणून सरकारने बऱ्याच जणांना मध्य भारतातल्या जंगलांकडे पाठवलं. 1958 साली त्यासाठी ‘दंडकारण्य प्रकल्प’ सुरू झाला, तो ओरिसा आणि बस्तरमध्ये. रायपूरजवळ ‘माना’ नावाची मोठी छावणी होती. आपल्या चांदा जिल्ह्यातही 1960 नंतरच्या दशकात अशा वसाहती उभ्या राहिल्या.

दंडकारण्य म्हटलं की तुम्हाला रामाचा वनवास आठवेल. त्या मुलांनाही तोच आठवला असणार, रामायण त्यांच्याही घरात होतंच की! फक्त रामाला चौदा वर्षांनी परत जायचं होतं. या चौदा वर्षांच्या पोरांना परतीची तारीख कुणी दिली नव्हती.

आता शाळेत चला. नव्या देशात मोठ्या माणसांना काम मिळालं की त्यांचा दिवस निघून जातो. पोरांना मात्र वर्गात बसावं लागतं आणि तिथे लपायला जागा नसते. शेजारचा मुलगा विचारतो, “कोठचा होय बे तू?” काय सांगणार? आधी मराठी शिकायची, तीही पुस्तकातली. मग कळतं की मधल्या सुट्टीत कुणी पुस्तकातली मराठी बोलतच नाही. तिथे ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’! म्हणजे एका भाषेच्या जागी दोन शिकायच्या.

आणि लिंग! बंगालीत नामाला व्याकरणाचं लिंगच नसतं. ‘तो आला, ती आली, ते आलं’ ही भानगड नाही. मराठीत मात्र भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते. का? मला विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. आपण ते आईच्या मांडीवर शिकलो, म्हणून कारण विचारलं नाही. ज्याला चौदाव्या वर्षी शिकायचं त्याच्या तोंडून ‘माझा आई आला’ असं निघणारच, आणि वर्ग हसणारच.

पण खरा घोटाळा वेगळाच. संपूर्ण परका शब्द माणूस निमूट पाठ करतो. ओळखीचा वाटणारा शब्द फसवतो! बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. लिहितात तसंच, उच्चार करतात ‘शिक्खा’. समजा बाबा शाळेत येऊन हात जोडून म्हणाले, “गुरुजी, माझ्या मुलाला चांगली शिक्षा द्या,” तर? बिचाऱ्या मुलाचं काय होईल! ‘चेष्टा’ म्हणजे त्यांच्याकडे प्रयत्न. “मी गणित सोडवायची चेष्टा केली,” असं तो प्रामाणिकपणे सांगणार आणि गुरुजी डोळे वटारणार. ‘आपत्ती’ म्हणजे नुसती हरकत. ‘जात्रा’ म्हणजे नाटक. आणि ‘काल’ हा शब्द तर बोलण्यात मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्या दिवसालाही! “वही काल आणतो,” असं म्हटल्यावर कुठलेही गुरुजी गोंधळतील.

हसलात ना? मीही लिहिताना हसलो. ज्याला हे रोज ऐकावं लागतं, तो मात्र हळूहळू वर्गात बोलणंच बंद करतो. त्याला उत्तर येत असतं. पण हात वर करत नाही.

सगळंच परकं मात्र नव्हतं. पूर्व विदर्भाला आपण झाडीपट्टी म्हणतो. इथे ज्वारी-बाजरीपेक्षा धान महत्त्वाचं. पुण्या-कोल्हापूरकडे शेतातल्या पिकालाही भात म्हणतात, पण इथे शेतात असतं ते धान आणि ताटात येतो तो भात. बंगालीतही अगदी तसंच, धान आणि भात! इथे पऱ्हे उपटून चिखलात रोवणी करतात. बंगालीत धान लावण्याला ‘रोया’ म्हणतात. म्हणजे जुलै महिन्यात गुडघाभर चिखलात शेजारी शेजारी वाकलेल्या दोन बायकांना एकमेकींचं बोलणं कळलं नसेल, पण काम कळलं असेल. इथे गावोगावी जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत. तलाव म्हटला की मासे आले. पाण्यातल्या कामात या मंडळींचा हात कोण धरणार? रोहू-कटला त्यांना ‘रुई’ आणि ‘कातला’ म्हणून लहानपणापासून ठाऊक. फक्त इलिश नाही. तो समुद्रातून गोड्या पाण्याच्या नदीत चढणारा मासा, वैनगंगेत कुठून येणार?

आणि नाटकं! धान घरात आलं की थंडीत झाडीपट्टीत रात्ररात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचं मोठं ठाणं. बंगालची जात्राही अशीच उघड्यावर, रात्र जागवत चालते. चौदा वर्षांचा मुलगा पहाटेपर्यंत मंडपात बसायला भाषेची वाट बघत नाही.

एक गोष्ट मात्र नुसती गंमत म्हणून सोडता येत नाही. ज्या रानात ही गावं वसली ते मोकळं पडलेलं नव्हतं. तिथे गोंड आणि माडिया लोक पूर्वीपासून राहत होते. मोह, तेंदू, डिंक, बांबू यांवर त्यांचं जगणं. रान तोडून शेतं झाली, तेव्हा त्यांच्याही घरातलं काहीतरी गेलंच. दोघांपैकी कुणीच एकमेकांना बोलावलं नव्हतं. निर्णय दूरच्या कचेऱ्यांत झाले होते.

शाळेतलं परकेपण तर माडिया मुलांनाही आहे, आणि तेही स्वतःच्याच जिल्ह्यात! माडिया आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा, तेलुगूच्या नात्यातल्या. पाण्याला घरी ‘येर’ म्हणणारं सहा वर्षांचं मूल पहिल्या दिवशी वर्गात बसतं तेव्हा फळ्यावर ‘पाणी’ लिहिलेलं असतं. भामरागडजवळ हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्पाचं काम सुरू केलं आणि 1976 मध्ये तिथे शाळा निघाली. आधी या दोघांनाच माडिया शिकावी लागली. डॉक्टर असूनही दुखतंय कुठे हे विचारता येईना, तर करणार काय!

सगळेच निर्वासित रानात रमले असंही नाही. 1978 साली दंडकारण्यातल्या वसाहतींतून हजारो कुटुंबं उठली आणि बंगालकडे निघाली. सुंदरबनातल्या मरिचझापी नावाच्या बेटावर त्यांनी स्वतःच्या हाताने वस्ती उभारली, शाळाही काढली. 1979 मध्ये सरकारने पोलीस लावून ती उठवली. त्यात माणसं मेली. उरलेल्यांना पुन्हा मागे पाठवण्यात आलं.

जे राहिले त्यांच्यापुढे आणखी एक कोडं होतं. ते तुमच्याच वयाच्या मुलांना जास्त टोचतं. यातले बरेचजण नमशूद्र समाजाचे. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्राच्या यादीत मात्र त्याचं नाव नाही. म्हणजे तीच मुलगी, तेच घराणं, पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कलकत्त्याजवळ एक रकाना आणि मुलचेऱ्यात दुसरा! यासाठी ही मंडळी वर्षानुवर्षे अर्ज आणि मोर्चे करत आली आहेत.

यात इतिहासाची एक कलाटणी आहे. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीवर मुंबईतून निवडून येऊ शकले नाहीत. त्यांना निवडून पाठवलं ते बंगालने. जोगेंद्रनाथ मंडल हे बारिसालचे नमशूद्र पुढारी, त्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. पुढे फाळणीमुळे ती जागा गेली आणि 1947 मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. त्याच नमशूद्रांपैकी काही कुटुंबं वीसेक वर्षांनी बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, चांद्याच्या रानात येऊन पोचली. शाळेच्या पुस्तकात ही ओळ मला तरी सापडली नव्हती.

आज त्या वेळच्या चौदा वर्षांच्या मुलांची नातवंडं शाळेत आहेत. घरी बंगाली, वर्गात मराठी, मैदानावर ‘मले-तुले’, टीव्हीवर हिंदी, आणि बाजारात कान उघडे ठेवले तर थोडी गोंडीही. आश्विनात या गावांत दुर्गापूजेचे मांडव पडतात आणि ढाक वाजू लागतो, तेव्हा आसपासच्या गावांतली मराठी माणसंही बघायला जातात. नातू आजोबांचं मराठी ऐकून हसतो. आजोबा त्याचं बंगाली ऐकून हसतात.

तुम्ही कधी मुलचेऱ्याकडे गेलात आणि तिथल्या दोस्ताने सांगितलं, “काल भेटू,” तर लगेच नाराज होऊ नका. आधी विचारून घ्या, कुठला काल!