शंका घेणाऱ्याला प्रवेश नाही : सुरतच्या ‘बिटकनेक्ट’चे भक्त

ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस थायलंडमधील पट्टाया येथे ‘बिटकनेक्ट’ या आभासी चलनाच्या कंपनीचा वार्षिक सोहळा झाला. न्यूयॉर्कहून आलेला कार्लोस मातोस नावाचा गुंतवणूकदार मंचावर चढला आणि कंपनीचे नाव लांबलचक सूर लावून ओरडला. आपण २५,६१० डॉलर गुंतवले होते आणि १३७ दिवसांत ते १ लाख ४० हजार डॉलरच्या घरात गेले, असे त्याने सांगितले. पत्नीचा यावर अजूनही विश्वास बसत नाही, हेही त्याने हसत हसत सांगून टाकले. सभागृह टाळ्यांनी दणाणले. त्या चित्रफितीची पुढे जगभर टिंगल झाली. परंतु ज्या कंपनीसाठी हा जयघोष चालला होता तिचे मूळ गुजरातेत होते आणि भारतातील तिच्या कारभाराचे व नंतरच्या फौजदारी प्रकरणांचे केंद्र सुरत होते, ही गोष्ट टिंगल करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होती. त्या सभागृहातील नव्हे, तर घरी राहिलेल्या पत्नीची शंका खरी ठरायला तीन महिनेही लागले नाहीत.

तंत्रज्ञानाच्या नव्या वस्तूभोवती चाहत्यांचा मेळा जमणे ही आता नित्याची बाब आहे. हा मेळा भक्तीकडे कधी वळतो आणि त्या भक्तीची किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्यासाठी सुरतसारखे दुसरे उदाहरण नाही. कारण नव्या तंत्राची पारख करण्याची या शहराची स्वतःची एक रोकडी रीत आहे.

शहराच्या दक्षिणेला, पांडेसरा आणि उधन्याच्या शेजारी, बमरोली आहे. हा यंत्रमागांचा पट्टा. धुळे, जळगाव, नंदुरबारहून भुसावळ-सुरत लोहमार्गाने आलेल्या खानदेशी कुटुंबांनी उधना, लिंबायत, पांडेसरा हा सारा भाग वसवण्यात मोठा वाटा उचलला आणि ओडिशातील गंजामच्या कामगारांनी तेथील माग चालते ठेवले. या भागात नवे तंत्र आले की त्याचे कौतुक होते. पण ते पाळी संपेपर्यंतच. विणकराची मजुरी मीटरवर ठरते. जुना धोट्याचा माग असो, रेपियर असो वा पाण्याच्या झोताने विणणारा वॉटरजेट असो, दिवसाअखेर किती मीटर कापड निघाले, धागा किती वेळा तुटला आणि वीज किती जळली, एवढ्यावर त्याचा निवाडा होतो. यंत्र कोणत्या कंपनीचे, यावरून कारखानदार वाद घालतात. मात्र मीटर निघाला नाही तर यंत्राच्या प्रेमाखातर कोणी ते ठेवत नाही.

तापीच्या काठावरचा हिरेबाजार विश्वासावर चालतो, असे म्हणतात. तेथे लाखोंचा माल ‘जांगड’ चिठ्ठीवर हातोहात दिला जातो. पसंत पडला तर पैसे, नाहीतर माल परत. वरवर पाहता हा आंधळा विश्वास वाटेल, पण तसा तो नाही. माल नेणाऱ्याचे घर, पेढी, सोयरेधायरे, मागील व्यवहार हे सारे बाजाराला माहीत असते. एकदा शब्द मोडला की त्याला पुन्हा माल मिळणे कठीण. अशा शहरात एक नवेच नाणे आले आणि त्याने मीटर आणि जांगड या दोन्ही कसोट्या गुंडाळून ठेवल्या.

बिटकनेक्टची योजना सांगायला सोपी होती. गुंतवणूकदाराने बिटकॉइन द्यायचे आणि कंपनीचे ‘बीसीसी’ हे नाणे घ्यायचे. ते नाणे कंपनीलाच उसने द्यायचे. बाजारातील चढउतारांतून नफा काढणारी एक स्वयंचलित संगणकप्रणाली आपल्याकडे आहे आणि तिच्या जोरावर महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परतावा मिळेल, असा कंपनीचा दावा होता. मुद्दल रकमेच्या प्रमाणात ठरलेल्या मुदतीपर्यंत अडकून राहणार. रोज सुमारे एक टक्का वाढ होते असे तक्ते प्रचारात फिरत. या एक टक्क्याचा हिशेब कोणीही करून पाहावा : रोज एक टक्का चक्रवाढीने हजार रुपयांचे तीन वर्षांत पाच कोटींहून अधिक होतात. जगातील कोणताही धंदा असा चालत नाही. अमेरिकी न्याय खात्याच्या आरोपानुसार ती प्रणाली हा देखावा होता आणि जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्या पैशातून परतावा दिला जात होता. म्हणजे नाव नवे, पण जात जुन्या साखळी योजनेची.

मग लोकांनी हा हिशेब का केला नाही? लोभ हे उत्तर अर्धेच आहे. लोभी माणूस निदान आपल्या पैशांची काळजी तरी करतो. येथे माणसे कंपनीची काळजी करू लागली होती.

एखाद्या गटात जाण्यासाठी माणसाला फार मोठे कारण लागत नाही. १९७० च्या सुमारास हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पडद्यावरील ठिपके मोजण्यासारख्या क्षुल्लक निमित्ताने मुलांचे दोन गट पाडले गेले. आपल्या गटात आणखी कोण आहे हे त्यांना माहीत नव्हते. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या गटापेक्षा पुढे राहण्यासाठी आपल्या गटाला मिळणारी रक्कम थोडी घटली तरी त्यांना चालले. फोन, संगणक, प्रणाली यांवरून होणारी भांडणे याच मातीतील आहेत. ऑगस्ट १९९७ मध्ये बॉस्टनला स्टीव्ह जॉब्स यांनी मायक्रोसॉफ्टकडून १५ कोटी डॉलरची गुंतवणूक मिळाल्याचे जाहीर केले आणि पडद्यावर बिल गेट्स दिसले, तेव्हा ॲपलच्या चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. कंपनी तेव्हा डबघाईला आली होती आणि तो पैसा तिला हवा होता. भक्तांना मात्र कंपनी वाचण्यापेक्षा शत्रू शत्रूच राहणे अधिक महत्त्वाचे वाटले.

गोमंतकीयांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. विश्वचषकाच्या दिवसांत ब्राझील की अर्जेंटिना यावरून एकेका घरात दोन तट पडतात. कळंगुट येथे डिसेंबर २०२१ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा उभा राहिला तेव्हा मुक्तीच्या साठाव्या वर्षी पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा कशाला, म्हणून काळे झेंडेही दाखवले गेले. वाद तापतो, निवतो. हरलेल्या संघाच्या चाहत्याचे नुकसान एका रात्रीच्या झोपेएवढे.

नाण्याच्या चाहत्याचे तसे नसते. त्याची भक्ती आणि त्याची तिजोरी एकच झालेली असते. फोनच्या चाहत्याला कोणी टोकले तर त्याचा अभिमान दुखावतो, त्याचा फोन बंद पडत नाही. नाण्याचा भाव मात्र पुढचा माणूस विश्वास ठेवील की नाही यावरच उभा असतो. म्हणून समूहात कोणी साधा प्रश्न विचारला, तरी तो प्रश्न इतरांच्या ठेवीला लावलेली आग ठरतो. मग प्रश्नकर्त्याला गप्प करण्यासाठी कंपनीला कोणी माणूस नेमावा लागत नाही. ते काम सभासद आपण होऊन, फुकट आणि मनापासून करतात. खरे तर त्यांच्यातील अनेक जण ते फुकटही करत नव्हते. नवा सभासद आणणाऱ्याला दलाली मिळे, त्याने आणलेल्यांच्या खालीही पायऱ्या होत्या. अमेरिकेतील मुख्य प्रचारक ग्लेन आर्कारो याला काही गुंतवणुकींवर १५ टक्क्यांपर्यंत दलाली मिळाली आणि त्याने किमान २ कोटी ४० लाख डॉलर कमावले, हे तेथील न्यायालयीन कागदपत्रांत नोंदले गेले आहे. मित्राला, मेहुण्याला, शेजाऱ्याला ज्याने यात ओढले, त्याला माघारीचा रस्ता उरत नाही. योजना खोटी मानायची तर स्वतःला आपल्याच माणसांचा गुन्हेगार मानावे लागते. त्यापेक्षा टीकाकार खोटा मानणे सोपे.

या समूहांची एक भाषाही घडली होती. टीकेला तेथे ‘एफयूडी’ म्हणत. भीती, अनिश्चितता आणि शंका या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. त्याचा उच्चार ‘फड’ असाही होतो. मराठीतला फड रंगतो, हा फड मात्र मोडण्यासाठी असतो. संगणक व्यवसायात हा शब्द १९७५ च्या सुमारास जीन ॲमडाल यांच्यामुळे रूढ झाला. आयबीएम सोडून त्यांनी स्वतःची कंपनी काढली होती आणि आयबीएमचे विक्रेते ग्राहकांच्या मनात प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रांविषयी मुद्दाम भय पेरतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे बलाढ्य कंपनी ग्राहकाला घाबरवते, हे सांगण्यासाठी जन्मलेला शब्द चाळीस वर्षांनी ग्राहकाचीच रास्त शंका दडपण्यासाठी वापरला जाऊ लागला. दुसरा शब्द ‘हॉडल’. डिसेंबर २०१३ मध्ये बिटकॉइनचा भाव कोसळत असताना एका गुंतवणूकदाराने ‘धरून ठेवतो आहे’ असे लिहिताना इंग्रजी अक्षरांची उलटापालट केली. ती चूक पुढे ब्रीद बनली. विकू नका, धरून ठेवा. जो विकतो तो दुबळा.

इशारे मिळाले नव्हते असे मुळीच नाही. इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक बुटेरिन यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये, रोज एक टक्का परताव्याचे वर्णन खरे असेल तर ही पाँझी योजना आहे, असे जाहीरपणे म्हटले. जानेवारी २०१८ च्या पहिल्या पंधरवड्यात टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या नियामकांनी कंपनीला कारभार थांबवण्याचे आदेश दिले. चाहत्यांच्या लेखी हे सारे ‘एफयूडी’च होते.

१६ जानेवारी २०१८ रोजी कंपनीने आपली कर्जयोजना बंद केली. त्यासाठी दिलेली कारणे मुळातून पाहण्यासारखी आहेत : सततची वाईट प्रसिद्धी, दोन राज्यांचे आदेश आणि संकेतस्थळावरील सायबर हल्ले. योजनेत काही खोट होती असा उल्लेख नाही. चाहते वर्षभर जे बोलत होते, तेच शब्द कंपनीने निरोपाच्या वेळी त्यांच्या हाती ठेवले. देणी चुकती केली तीही ‘बीसीसी’मध्ये, एका नाण्याला ३६३.६२ डॉलर असा दर धरून. डिसेंबरात ४०० डॉलरच्या पुढे गेलेल्या या नाण्याचा भाव त्या घोषणेसरशी कोसळत होता. हजार डॉलरच्या देण्यापोटी पावणेतीन नाणी मिळाली, भाव ३५ डॉलरवर येताच त्यांची किंमत ९६ डॉलर उरली. काही महिन्यांत नाणे एका डॉलरच्याही आत आले. धरून ठेवणारे धरूनच राहिले.

महाराष्ट्रालाही याची झळ बसली. बिटकनेक्टमध्ये २२० बिटकॉइन बुडाल्याची, त्या वेळच्या भावाने सुमारे ४२ कोटी रुपयांची, तक्रार पुण्यातील एका वकिलाने केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी कंपनीचा संस्थापक सतीश कुंभाणी व इतरांवर गुन्हा नोंदवला. कायद्याचे शिक्षण असलेला माणूसही फसतो, याचे नवल वाटू नये; अशा समूहांत शिक्षणाचा उपयोग बहुधा समर्थनासाठी अधिक चांगले मुद्दे शोधण्याकडे होतो. त्याच्याही आधी, एप्रिल २०१८ मध्ये, पुणे पोलिसांनी ‘गेनबिटकॉइन’चा प्रवर्तक अमित भारद्वाज याला अटक केली होती. महिन्याला १० टक्के, सलग १८ महिने, असे तेथील आश्वासन. बिटकॉइन महागल्यावर परतावा ‘एमकॅप’ नावाच्या स्वतःच्याच नाण्यात देण्यात आला. भारद्वाज २०२२ च्या जानेवारीत मरण पावला, खटले मागे राहिले.

सुरतेत मात्र प्रकरणाने निराळे वळण घेतले. निष्ठा संपली आणि वसुली सुरू झाली. पैसे बुडालेल्या एका व्यावसायिकाने साथीदारांसह बिटकनेक्टशी संबंधित दोघांचे अपहरण करून बिटकॉइन उकळले, असा आरोप आहे. पुढे याच व्यावसायिकाला अमरेलीच्या पोलिसांनी उचलले आणि त्याच्याकडून बिटकॉइन मागितले. या दुसऱ्या प्रकरणात अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक आणि एका माजी आमदारासह १४ जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. ज्या नाण्यांवर कोणाचेही नियंत्रण नाही म्हणून जयघोष झाला होता, ती शेवटी पिस्तुलाच्या धाकाने हात बदलू लागली.

अमेरिकी तपासानुसार बिटकनेक्टने जगभरातून सुमारे २४० कोटी डॉलर गोळा केले. आर्कारोने गुन्हा कबूल केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला ३८ महिन्यांची कैद झाली. कुंभाणीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅन दिएगो येथे आरोप निश्चित झाले, त्या वेळी त्याचा ठावठिकाणा अमेरिकी यंत्रणांना लागत नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणात १,६४६ कोटी रुपयांची आभासी चलने जप्त केल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२३ मध्ये सॅन दिएगोच्या न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला, तेव्हा ती मिळाली ४० देशांतील सुमारे ८०० जणांना, एकूण १ कोटी ७० लाख डॉलर. बुडालेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे हे सत्तर सेंट होतात.